त्रेपन्न वेळा दोन

आकडेमोडीचे प्रोग्रॅम तपासणं हे माझं रोजचं काम. त्या दिवशी टीममधल्या नव्या मुलाचा अवयव पाडणारा प्रोग्रॅम घेऊन बसले होते. २ चा एकेक घात घ्यायचा, त्यात १ मिळवायचा आणि येईल त्या संख्येचे मूळ अवयव पाडायचे. ५२व्या घातापर्यंत सगळं बिनचूक. ५३व्याला मात्र स्क्रीनवर २, २, २, २ अशी रांगच लागली. मोजले, तर ५३ भरले.

"मॅडम, लूप अडकलं असणार," तो म्हणाला. लूप म्हणजे प्रोग्रॅममधला पुन्हा पुन्हा चालणारा भाग. मला पटेना. अडकलेलं लूप नेमकं ५३ वर कशाला थांबेल? शिवाय सम संख्येत १ मिळवल्यावर ती विषम होणार. तिला २ ने भाग जाईलच कसा?

संख्या कागदावर लिहून काढली: ९००७१९९२५४७४०९९३. घात विषम असला की अशा संख्येला ३ ने भाग जायलाच हवा. अंकांची बेरीज ७८ आली, म्हणजे जातो. मग प्रोग्रॅमला अवयव राहू दे, नुसती संख्या छाप म्हटलं. शेवटचा ३ गेला होता, तिथे २ होता!

तेव्हा उलगडा झाला. त्याने संख्या 'डबल' प्रकारात, म्हणजे दशांश अपूर्णांकही ठेवता येणाऱ्या ठरावीक मापाच्या जागेत ठेवली होती. त्यात संख्येच्या अंकांसाठी ५३ बिट, म्हणजे ० किंवा १ च्या ५३ जागा मिळतात. २ चा ५३वा घात नीट बसतो, पण त्याच्या पुढची ही संख्या न मावणारी सगळ्यात पहिली पूर्ण संख्या. यंत्राने मिळवलेला १ गुपचूप टाकून दिला आणि उरलेल्या घाताचे अवयव अगदी इमानाने पाडले. चूक झाल्याची सूचना नाही, काही नाही. मला त्याचीच धास्ती वाटली.

प्रकार बदलला, हव्या तितक्या मोठ्या पूर्णांकांचा घेतला. उत्तर आलं: ३, १०७ आणि २८०५९८१०७६२४३३.

"१०७च का?" त्याने विचारलं. या प्रश्नाने मला फार आनंद झाला. ५३ ही मूळ संख्या असल्यामुळे इथे ३ सोडून जो मूळ अवयव येईल, त्याला ५३ च्या दुपटीने, म्हणजे १०६ ने भागल्यावर बाकी १ च उरते. १०७ हा त्या रांगेतला पहिलाच. तिसरा अवयव खरंच मूळ आहे का, हे बघायलाही त्याच रांगेतले आकडे पुरतात. त्याचं वर्गमूळ सुमारे ५३ लाख, त्यामुळे तपासायचे भाजक जेमतेम ५० हजार.

त्याने तिथल्या तिथे छोटा प्रोग्रॅम लिहिला, या वेळी प्रकार आधी पाहून. एकाही भाजकाने भाग गेला नाही. मग तिन्ही अवयवांचा गुणाकार तो कागदावर हाताने करत बसला. शेवटचा अंक ३ आला तेव्हा त्याने कागद माझ्यापुढे सरकवला.