घट बसायच्या आत गोधड्या

घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, हा आमच्याकडचा नेम. गावाकडे त्या दिवसांत नदीकाठचे खडक गोधड्यांनी झाकून जातात. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नदी कुठली आणि खडक कुठले! बाथरूम आणि सोसायटीची गच्ची, एवढ्यातच भागवायचं.

सासूबाईंनी आधी वाटणी केली. चादरी, अभ्रे मशीनला. कापसाच्या दुलईची फक्त खोळ काढायची. कापूस भिजला की गोळे होतात, मग पिंजाऱ्याशिवाय इलाज नाही, आणि तो हल्ली सापडतो कुठे? लुगड्यांच्या गोधड्या मात्र हातानंच. मशीनवर लिहिलेले ७ किलो कोरड्या कपड्यांचे असतात. ओली गोधडी ड्रमच्या एका अंगाला बसली की स्पिनला मशीन जागेवरून चालायला लागतं.

रात्री कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून भिजवली, सकाळी पायांनी तुडवली. पहिलं पाणी अगदी काळ्या चहासारखं निघालं. ब्रश लावला नाही, जुना धावदोरा उसवतो. साबणही बेतानंच, थरांत अडकला की खळबळून खळबळून हात भरून येतात.

पण धुणं सोपं, वाळवणं कठीण. जीर्ण लुगडं पिळलं की टरकन फाटतं, म्हणून घडी घालून पालथ्या बादलीवर तासभर निथळत ठेवली. मग घमेल्यातून गच्चीवर. एकाच दोरीवर टाकली तर दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात, आतली बाजू ओलीच राहते. दोन दोऱ्या हातभर अंतरानं बांधून त्यांवर आडवी पसरली, की खालूनही वारा लागतो. पाणी सगळं लोंबत्या कडेला उतरतं, ती कड येता-जाता मुठीत दाबायची. दुपारी बाजू पालटायची.

चारच्या सुमाराला ढग भरून आले. परतीच्या पावसाचा काय भरवसा? ऊन कलायच्या आतच खाली आणली. हाताला कोरडी ठणठणीत लागत होती. सासूबाईंनी घडी करून गालाला लावली आणि म्हणाल्या, "गार लागतेय गं, आत ओल आहे. अशीच कपाटात गेली तर कुबट वास मारेल." रात्रभर पंख्याखाली खुर्च्यांवर पसरली, सकाळी पुन्हा उन्हात.

उरलेल्या गोधड्या रविवारी. तोवर दोऱ्या सोडू नका, असं वॉचमनला बजावून ठेवलंय.