गच्चीवरची झुकिनी आणि कॅल्शियमची फुकट गेलेली बाटली

झुकिनीची, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या भोपळ्याच्या जातीतल्या भाजीची, बोटभर फळं पिवळी पडून गळायला लागली, की दुकानदार डोळे झाकून कॅल्शियमची बाटली पुढं करतो. मीही आणली, दोनदा फवारली. काडीचा उपयोग झाला नाही, कारण दुखणं वेगळंच होतं. फुलांना पराग मिळत नव्हता.

फरक ओळखणं सोपं आहे. दोन-तीन इंचांचं फळ पिवळं होऊन फुलाकडच्या टोकापासून सुकत आलं, तर परागीभवन झालेलं नाही. फळ चांगलं वाढलंय आणि टोकाला काळपट, खोलगट डाग पडलाय, तर ते कॅल्शियम कमी पडल्याचं. तिथंही मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच. एक दिवस चिखल, दोन दिवस कोरडं असं पाणी दिलं की ते फळापर्यंत पोचत नाही, एवढंच.

मादी फुलामागं चिमुकली झुकिनी असते, नर फूल नुसत्या बारीक लांब देठावर. फुलं उजाडताना उमलतात आणि दहाच्या सुमारास मिटायला लागतात, म्हणून थंडीत सात ते साडेआठ हीच वेळ धरायची. ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी जे फुगीर भाग दिसतात त्या प्रत्येकावर हलक्या हातानं फिरवायचा. एक नर दोन माद्यांना पुरतो. त्या आधी झारीनं वरून पाणी घालू नका, ओला पराग वाया जातो.

डोकं फिरतं ते पुढंच. झाड एकच असेल तर मादी उमलते त्या दिवशी नर नसतो, आणि नर असतात तेव्हा मादीचा पत्ता नाही. शेजारच्या दुधीचा पराग चालत नाही. निदान तीन झाडं हवीत, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं लावलेली. सुरुवातीला नुसती नर फुलं आली तर खतं ओतत बसू नका. भजी करा. नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजतो.

बाकी फार काही नाही. 15×15 इंचांच्या ग्रो बॅगेत एकच झाड, पसारा तीन फुटांचा धरा. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत सम प्रमाणात, वर दोन मुठी निंबोळी पेंड. आपल्या कोल्हापुरातली पंचगंगेकाठची गाळाची माती सकस खरी, पण पिशवीत एकटीच घातली तर घट्ट बसते आणि मुळं कुजतात. आपल्याकडच्या पावसात या पिकाच्या नादाला लागू नये. दसरा झाला की दोन बिया इंचभर खोल टोकायच्या, जोमदार रोप ठेवायचं. वर उसाचं पाचट पसरलं की ओल टिकते. पहिलं फळ साधारण पन्नास दिवसांत.

पानांवर पांढरी भुरी, म्हणजे पिठासारखी बुरशी, दिसली की पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी फवारायचं. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

फळ सहा-सात इंचांचं झालं की चाकूनं देठासकट कापा. मोठं होऊ दिलं तर झाड नवी फळं धरत नाही. कापल्यावर कडू लागली तर भाजीत घालू नका, सरळ टाकून द्या. आणि हो, पिशवीखाली दोन विटा ठेवा, नाहीतर खालची भोकं स्लॅबला चिकटून बुजतात.