भिंतीवरची बुरशी, पिशवीतल्या गोळ्या

"बाबांच्या मेंदूत बुरशीचं विष गेलंय, डॉक्टर. हा बघा रिपोर्ट." मुलाने बसायच्या आधीच कागद टेबलावर ठेवले. मागून त्याची बहीण वडिलांना हाताला धरून आणत होती. त्यांना खुर्चीत बसवून ती म्हणाली, "दादा, शहात्तर वय आहे त्यांचं. डिमेन्शिया आहे हा, दुसरं काही नाही. आधीच्या डॉक्टरांनी गोळीसुद्धा सुरू केलीय."

मी मेंदूविकारांची डॉक्टर. विसरभोळेपणाच्या तक्रारींची ओपीडी आठवड्यातून एकदा असते आणि घरातले दोन पक्ष तिथे नेहमीच भेटतात. यांचा वाद मात्र वेगळा होता. एकाच्या मते दोष भिंतीचा, दुसरीच्या मते वयाचा. काका दोघांच्या मधे बसून डुलक्या घेत होते. सकाळचे साडेदहा वाजले होते. ती डुलकी मी लिहून ठेवली.

काकांनी उभं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासली. निवृत्त झाल्यावरही रोजचं वर्तमानपत्र हातात लाल पेन्सिल धरूनच वाचायचे. वर्षभरापूर्वी त्या खुणा विरळ होऊ लागल्या. मग एकच ओळ दोनदा वाचली जाऊ लागली, आणि पुढे वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहू लागलं. न्हाणीघरात ते दोनदा धडपडले. संध्याकाळी खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी माणूस उभा दिसतो म्हणाले. मुलगी सांगत होती, "पण एखाद्या दिवशी अगदी पूर्वीसारखे असतात. दुसऱ्या दिवशी मला आत्याच्या नावाने हाक मारतात."

हे चढउतार फार बोलके असतात. अल्झायमरमध्ये माणूस सहसा हळूहळू उतरत जातो. दिवसागणिक झोके खाणारं मन दिसलं की माझ्या डोक्यात तीन गोष्टी येतात: शरीरात कुठेतरी सुरू असलेला आजार, एखादं औषध, किंवा लेवी बॉडी डिमेन्शिया, म्हणजे मेंदूपेशींत एका प्रथिनाचे गोळे साठून होणारा, पार्किन्सन्सच्या नात्यातला आजार. त्या शेवटच्या आजारात नसलेली माणसं दिसणंही आलं.

"हे सुरू कधी झालं?" या प्रश्नावर मात्र बहीण-भावाचं एकमत होतं. गुडघे दुखायला लागल्यावर काकांना वरच्या मजल्यावरून खालच्या मागच्या खोलीत आणलं, त्यानंतर. भाड्याचं घर. खोलीची एक भिंत न्हाणीघराला लागून, तिच्या आतला पाइप गळत होता आणि घरमालक दाद देत नव्हता. भिंतीला टेकवून मोठं कपाट ठेवलेलं. मुलाने एकदा ते पुढे ओढलं तर मागे गुडघ्यापासून छातीपर्यंत हिरवट काळी बुरशी. त्याने फोनवर फोटो दाखवला. "दारात पाऊल टाकलं की कुबट वास येतो, डॉक्टर. बाबांना काहीच येत नाही." वास येत नाही, हेही मी लिहून घेतलं.

मुलाचा रिपोर्ट लघवीतल्या बुरशीजन्य विषांचा होता. ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष त्यात सापडलं होतं, आकड्यापुढे लाल बाण. खरं सांगायचं तर असे कागद मला चीड आणतात, कारण त्यामागे घाबरलेल्या माणसाने खर्च केलेला पैसा असतो. ऑक्रॅटॉक्सिन धान्यातून, कॉफीतून, सुकामेव्यातून थोडंफार आपल्या सगळ्यांच्या पोटात जातं आणि निरोगी माणसाच्या लघवीतही सापडतं. ते खोलीतल्या भिंतीवरून आलं की ताटातून, हे ती चाचणी सांगत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीसीने, २०१५ मध्ये या चाचण्यांवर निदान करू नका म्हणून स्वतंत्र टिपण काढलं होतं. मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मग मी जे वाचलं ते सगळं खोटं?"

सगळं खोटं नव्हतं, आणि म्हणून मी थोडा वेळ काढला. बाहेर रांग होती, पण घरातला एक माणूस असा दुखावून उठला तर पुढचं काहीच ऐकत नाही.

२००६ मध्ये मिशिगनमधल्या संशोधकांनी स्टॅकिबोट्रिस या काळ्या बुरशीचं सॅट्राटॉक्सिन-जी हे विष उंदरांच्या नाकात घातलं, तेव्हा वास ओळखणाऱ्या चेतापेशी मेल्या. जोन बेनेट या बुरशीशास्त्रज्ञ बाईंची गोष्ट तर मला फार आवडते. बुरशीच्या घरांमुळे माणसं आजारी पडतात यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. २००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधलं त्यांचं स्वतःचं घर बुडालं. मास्क लावून नमुने घ्यायला गेल्या तरी डोकं दुखायला लागलं, गरगरलं. मग त्यांनी बुरशीच्या वासातल्या एका द्रव्याचा, १-ऑक्टेन-३-ऑलचा, पाठपुरावा केला. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की या वाफेत ठेवलेल्या फळमाश्यांच्या मेंदूतलं डोपामिन हे रसायन घटतं. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, कमी पडतं तेच हे डोपामिन. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने उंदरांना स्टॅकिबोट्रिसचे बीजाणू हुंगवले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाच्या भागात, दाह दिसला, स्मरणात फरक पडला. गंमत म्हणजे ज्या बीजाणूंमधलं विष काढून टाकलं होतं त्यांनीही काही परिणाम केलेच. म्हणजे तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदूला त्रास देत असावी.

"मग?" मुलाच्या आवाजात पुन्हा धार आली.

मग हे की उंदीर आणि माशी यांच्यापासून तुमच्या वडिलांच्या खोलीपर्यंत बरंच अंतर आहे. नाकात मोजून घातलेलं शुद्ध विष वेगळं, भिंतीवरून उडणारी धूळ वेगळी. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये सगळा पुरावा एकत्र चाळला. ओलसर घरं आणि वाहतं नाक, खोकला, घरघर, दम्याचा त्रास यांचं नातं त्यांना पुरेसं पक्कं वाटलं. मेंदूच्या तक्रारींबाबत पुरावा अपुरा, असं त्यांनी लिहिलं. घाई केली की काय होतं याचा दाखलाही आहे. क्लीव्हलँडमध्ये १९९३-९४ च्या सुमाराला काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि त्याचा संबंध याच काळ्या बुरशीशी जोडला गेला. २००० मध्ये सीडीसीने स्वतःचंच काम पुन्हा तपासलं आणि संबंध सिद्ध झालेला नाही असं जाहीर केलं. बुरशीवर सगळं ढकललं की दुसरं कारण शोधायचं राहून जातं, मला भीती असते ती याची.

"चला, पिशवी काढा," मी म्हणाले.

पहिल्या भेटीला येताना पोटात जाणारं, अंगाला लागणारं, नाकात ओढलं जाणारं असेल नसेल ते सगळं पिशवीत घालून आणायला आम्ही सांगतो. यादी चालत नाही. मुलीने यादीही आणली होती, नीटस अक्षरात: रक्तदाबाची गोळी, डोनेपेझिल (आधीच्या डॉक्टरांनी डिमेन्शियासाठी सुरू केलेली), जीवनसत्त्वं. पिशवीतून ते निघालंच, शिवाय गुडघ्याला लावायचं मलम, आणि तळाशी रबर बांधलेला पाकिटांचा गठ्ठा. सर्दीच्या गोळ्या. पाकीट उलटं करून वाचलं: क्लोरफेनिरामिन. त्याच्याखाली खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली. डायफेनहायड्रामिन, त्याच जातीचं.

"हे कोण घेतं?"

"बाबाच. पण ते काय औषध म्हणायचं, सर्दीचं आहे," मुलगी म्हणाली. "नाक सारखं वाहतं ना. सकाळी एक, संध्याकाळी एक. रात्री खोकला येतो म्हणून दोन झाकणं हे."

"कधीपासून?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "खाली आल्यापासून."

सर्दीच्या या जुन्या गोळ्या मेंदूत शिरतात. झोप येते ती त्यामुळेच. पण झोपेपुरतं थांबत नाही. अॅसिटिलकोलिन या रसायनावर आपलं लक्ष आणि स्मरण बरंच अवलंबून असतं, आणि ही औषधं ते ज्या ठिकाणी काम करतं ती जागाच अडवतात. वयस्कर माणसात हे रसायन आधीच कमी आणि औषध शरीराबाहेर पडायलाही वेळ लागतो. गोंधळ, तोल जाणं, नसलेलं दिसणं, सगळं त्यातून होऊ शकतं. शिवाय डोनेपेझिल देतात ते अॅसिटिलकोलिन टिकून राहावं म्हणून. काकांच्या मेंदूत एका हाताने नळ सोडला जात होता आणि दुसऱ्या हाताने तोंडाला बोळा लावला जात होता. दोन्ही औषधं रोज, नेमाने.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून जागं केलं. जीभ बघितली, कोरडी ठक्क. बाहुल्या प्रकाशाच्या मानाने मोठ्या. पोट साफ होत नव्हतं, लघवीला उभं राहिल्यावर वेळ लागत होता. हातापायांत ताठरपणा नव्हता, कंप नव्हता.

"काका, तोंड कोरडं पडतं?"

"जीभ टाळूला चिकटते," ते म्हणाले. तोपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते. "शब्द फुटत नाहीत, म्हणून बोलत नाही."

मुलगी एकदम रडायला लागली. तिला वाटत होतं ते बोलायचं विसरले.

स्मरणाच्या चाचणीत तीसपैकी सोळा आले. महिने उलटे म्हणताना ऑक्टोबरवर अडकले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे उजव्या बाजूला. रक्तात बी-१२, थायरॉइड आणि सोडियम तपासायला पाठवलं. पडले होते म्हणून कवटीत रक्त साचलं नाही ना हे बघायला एमआरआयही केला. त्यातून विशेष काही निघालं नाही.

"म्हणजे बुरशीचा काही संबंध नाही?" मुलाने विचारलं. त्याला हरल्यासारखं वाटत होतं.

"आहे की. बुरशीने नाक वाहायला लागलं, नाकासाठी गोळी आली, गोळी मेंदूपर्यंत गेली. तुमचा संशय भिंतीवर होता तो बरोबर. फक्त वाट वेगळी निघाली."

बहिणीने भावाकडे बघितलं. पुढचा अर्धा मिनिट ओपीडीत कुणी बोललं नाही, हे तसं दुर्मीळच.

काकांची खोली त्याच रात्री बदलायला सांगितलं. बाटली बंद, गोळी आठवड्याभरात बंद. नाकासाठी स्टिरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने धुणं. डोनेपेझिल मी तसंच ठेवलं, सगळं एकदम हलवलं तर कशाने काय झालं ते कळत नाही. मुलाला मात्र हवेतले बीजाणू मोजणारा माणूस आणायचा होता. मी नको म्हटलं. डोळ्यांनी दिसणाऱ्या बुरशीचं नाव कळून काही फरक पडत नाही, आणि अमुक इतके बीजाणू धोक्याचे असा ठरलेला आकडाही नाही. पाइप दुरुस्त करा, भिजलेला गिलावा काढा, कपाटाला भिंतीपासून अंतर ठेवा, हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली आणा. वरून रंग मारू नका, रंगाचे पोपडे निघून बुरशी पुन्हा वर येते. औषध मारून बुरशी मेली तरी तिची भुकटी ॲलर्जी करतेच, म्हणून ती पुसून, धुऊन काढावी लागते. हात-दीड हात डाग असता तर मास्क आणि हातमोजे घालून घरच्यांनी घासला असता. इतकी मोठी भिंत माहीतगार माणसाकडूनच करून घ्यायची.

कपाट उघडल्यावर खालच्या खणात खोकी निघाली, असं मुलीने नंतर फोनवर सांगितलं. काकांनी जपून ठेवलेली जुनी प्रुफं. ओला कागद म्हणजे बुरशीची मेजवानीच. फेकायची म्हटल्यावर काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि या वेळी कारण कोरडी जीभ नव्हती.

त्याच फोनवर कळलं की ते दिवसा जागे असतात आणि कोपऱ्यातला माणूस दिसेनासा झालाय.

तीन महिन्यांनी आले तेव्हा तीसपैकी तेवीस. बाहेर बसल्या बसल्या त्यांनी आमच्या ओपीडीचं माहितीपत्रक वाचून काढलं होतं आणि अर्ध्या पानात शुद्धलेखनाच्या चार चुका खूण करून आणल्या होत्या. मुलगी खूश होती. मी पूर्ण खूश नव्हते. सांगितलेले पाच शब्द थोड्या वेळाने विचारले तर दोनच आठवत होते. औषधाचा धूर निघून गेल्यावरही खाली काहीतरी उरलं होतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी पासष्ट वर्षांपुढच्या ३,४३४ लोकांचा सरासरी सात वर्षांहून जास्त माग काढून २०१५ मध्ये लिहिलं होतं की अशी औषधं दीर्घकाळ आणि भरपूर घेणाऱ्यांत डिमेन्शियाचं प्रमाण जास्त दिसतं. ते निरीक्षण आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण मनात येतंच.

आणि नाक. ते आता मोकळं होतं. तरी डोळे मिटून कॉफी ओळखता आली नाही, साबण नाही, लवंग नाही. जुन्या सर्दीने वास जातो, वयाने जातो, आणि लेवी बॉडी किंवा पार्किन्सन्समध्ये बाकीची लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी जातो. सर्दीची गोळी लेवी बॉडीच्या रुग्णाला विशेष बाधते, हेही विसरून चालणार नव्हतं. मी हे सगळं सांगितलं तेव्हा मुलाने अपेक्षित प्रश्न विचारला: "ते उंदरांचं काय मग? वासाच्या पेशी मरतात ते?"

"उंदरांच्या मेल्या," मी म्हणाले. "बाबांची वासाची चाचणी दर सहा महिन्यांनी करू, आणि हात-पाय ताठरताहेत का ते बघत राहू."

निघताना त्याने मुद्द्याचं काढलं. घरमालकावर दावा लावायचा होता. बुरशीमुळे मेंदूचा विकार झाला असं सही-शिक्क्यानिशी लिहून हवं होतं. मी लिहिलं: ओलसर, बुरशी लागलेल्या खोलीत राहायला लागल्यानंतर नाकाची ॲलर्जी, तिच्यासाठी दीर्घकाळ घेतलेल्या औषधांमुळे गोंधळ आणि तोल जाणं, औषधं थांबवल्यावर लक्षणीय सुधारणा, स्मरणातला उरलेला दोष आणि वास न येणं यांचं कारण अनिश्चित, तपासणी सुरू.

त्याने दोनदा वाचलं. "वकील म्हणतील, हे पुरेसं नाही."

"म्हणू देत," मी म्हणाले, आणि काकांनी कागद मागून घेऊन एकदा नजरेखालून घातला. चूक नव्हती.