शेवटची पाच मिनिटं

कर्ज थकलं म्हणून बँकेने ताब्यात घेतलेली घरं ऑनलाइन लिलावात विकली जातात. आज अशाच एका ई-लिलावात पुण्यातल्या धायरीच्या एका वन बीएचकेवर बोली लावली. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली घर विकत नाहीत ती, ३२ लाख; तिच्या १० टक्के अनामत आधीच भरलेली. काल रात्री दोघांनी बसून आकडा ठरवला होता: ३६ लाख, त्यापुढे एक रुपया नाही.

शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप पाच मिनिटांनी वाढते. तशी सात वेळा वाढली. समोर माणूस दिसत नाही, नुसता आकडा चढत राहतो. पंचवीस-पंचवीस हजारांनी आम्ही ३६ ला पोचलो. समोरून ३६ लाख २५ हजार.

माझं बोट माउसवरच होतं. हे हळूच म्हणाले, "अगं, २५ टक्के उद्यापर्यंत भरायचे. बाकीचे विक्री कायम झाल्यावर पंधरा दिवसांत. नाही जमलं तर भरलेलेही गेले."

हात काढून घेतला. अनामत परत मिळेल, पण खूप वाईट वाटलं.

घर बघायला गेलो तेव्हा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. कुणाच्या तरी लेकराची उंची, शेजारी वर्षं. २०१९ च्या वर रेघ नव्हती. संध्याकाळपासून तेच डोळ्यांसमोर आहे.