झोपलेल्या चिपभोवतीची जागी मंडळी

सांगोल्याजवळच्या आमच्या डाळिंबाच्या बागेत मातीतला ओलावा मोजण्यासाठी ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या चिपच्या बोर्डाचे एक यंत्र बसवले, तेव्हा चार एए अल्कलाइन सेलवर ते आठ-दहा महिने चालेल असा माझा हिशेब होता; कारण अर्ध्या तासातून एकदाच जागी होणारी ही चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळपास सगळे बंद ठेवलेल्या झोपेत, सुमारे १० मायक्रोॲम्पिअर एवढाच प्रवाह घेते. प्रत्यक्षात आठव्या दिवशी सेल बसले आणि ‘आता सेल बदलायला गडी ठेवायचा का?’ असे आबांनी विचारले.

मल्टिमीटर लावला, तर चिप झोपलेली असतानाही ११ मिलिॲम्पिअरहून (म्हणजे ११,००० मायक्रोॲम्पिअरहून) अधिक प्रवाह वाहत होता. सेलमधून २००० मिलिॲम्पिअर-तास मिळतात असे धरले, तर या दराने साडेसात दिवसच निघतात. सेलचे व्होल्टेज चिपला झेपेल इतके खाली आणणारा बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिॲम्पिअर घेतो, ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर जवळपास तेवढेच, आणि उरलेला वाटा शिवारात कोणीही न पाहणाऱ्या लाल एलईडीचा होता. रेग्युलेटर बदलला, एलईडी काढून टाकला आणि सेन्सरला चिपच्या एका पिनवरून, मोजणीपुरताच पुरवठा दिला. (मीटर मायक्रोॲम्पिअरच्या रेंजवर असताना चिप जागी झाली, तर मीटरच्या आतल्या रोधावर इतके व्होल्टेज पडते की बोर्ड रीसेट होतो, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.)

तरीही मीटर ३२० मायक्रोॲम्पिअर दाखवत होता, आणि हा दोष सर्वस्वी माझाच होता. सेल किती उरले हे कळावे म्हणून मी १० किलोओहमचे दोन रोध सेलवर एकापुढे एक जोडले होते. ६ व्होल्टला त्यांतून अहोरात्र ३०० मायक्रोॲम्पिअर जात होते. सेल मोजणारी जोडणीच सेल खात होती! तेथे १ मेगाओहमचे रोध घातले, वाचन स्थिर राहावे म्हणून सोबत एक छोटा कपॅसिटर दिला, आणि आकडा २३ मायक्रोॲम्पिअरवर आला.

आता खर्च उरला तो वाय-फायचा. मोटारीच्या खोलीतल्या राउटरशी जोडणी होऊन माहिती जाईपर्यंत ४ सेकंद लागत. त्या काळात सरासरी १२० मिलिॲम्पिअर धरले, तर अर्ध्या तासावर विभागूनही ते २६७ मायक्रोॲम्पिअर होतात, म्हणजे झोपेतल्या खर्चाच्या अकरा पटींहून अधिक. म्हणून जोडणी लवकर व्हावी यासाठी आयपी पत्ता (नेटवर्कवरचा यंत्राचा क्रमांक) कायमचा ठरवून दिला, राउटरचा चॅनेल झोपेतही टिकणाऱ्या स्मृतीत साठवला, आणि चार वाचने साठल्यावरच ती एकदम पाठवतो.