कावर्डची शेपटी

कावर्डच्या स्पेलिंगमध्ये काऊ दिसते म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की गाय गरीब, म्हणून भित्र्याला कावर्ड. माझा भाचाही तेच म्हणत होता, मी म्हटलं यावलला मळ्यात ये आणि नुकत्याच व्यालेल्या गायीच्या वासराला हात लावून दाखव, मग बोलू. मान खाली घालते, नाकातून फुस्स करते आणि थेट अंगावर! आमच्या सालदाराला तिने केळीच्या बागेत पार पाटापर्यंत पिटाळलं होतं.

तर गायीचा इथे काडीचाही संबंध नाही, स्पेलिंग निव्वळ योगायोग. शब्द जुन्या फ्रेंचमधला, 'कोआर्त', त्याच्या मुळाशी लॅटिन 'काउडा' म्हणजे शेपटी आणि मागचं 'अर्ड' हिणवायला, ड्रंकार्डमधलं असतं ना तेच. 1066 साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, मग असे फ्रेंच शब्द इंग्रजीत धडाधड घुसले. आणि बँकेत आपण ज्या क्यूमध्ये ताटकळतो तो क्यू पण याच काउडाच्या खानदानातला बरं का.

आता शेपटीच का? कोणी म्हणतं पळणाऱ्याची तीच दिसते, कोणी म्हणतं घाबरलेलं जनावर ती पायात घालतं. मला दुसरं पटतं, कारण युरोपातले सरदार ढालीवर सिंह काढायचे आणि त्यात शेपटी मागच्या पायांत घातलेला जो सिंह असतो त्याला चक्क कावर्ड सिंहच म्हणतात. आमच्या गल्लीतलं तांबडं कुत्रं दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की कान पाडून, शेपटी पोटाला चिकटवून, सरपटत रिक्षाखाली घुसतं, पोरं ओरडतात, "हाऊ ते भलता भित्रा शे!" मराठीत आपण तरी काय म्हणतो, ऐनवेळी शेपूट घातली!

रेनार्ड कोल्ह्याच्या जुन्या फ्रेंच गोष्टींत तर सशाचं नावच कोआर्त आहे. म्हणजे पान पडलं की आभाळ पडलं म्हणत पळणारा ससा तिकडेही बदनामच, बिचाऱ्याला घालायला धड शेपूटही नाही.

शेक्सपियरच्या मॅकबेथमध्ये घाबरलेल्या पोराला 'लिली लिव्हर्ड' म्हटलंय, म्हणजे लिव्हर पांढरंफटक पडलेला, कारण हिंमत लिव्हरमधल्या रक्तात असते असा तेव्हा समज होता. हसू नका, आपणही वाघाचं काळीज म्हणताना छातीवर हात ठेवतो खरे, पण मटणवाल्याकडे पावशेर काळीज मागा, भो, तो लिव्हरच तोलून देतो.