लॉकडाऊनमध्ये सायकल बाहेर काढताना

कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये, ३ जून २०२० पासून, महाराष्ट्रात पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत सायकलिंगला परवानगी मिळाली होती, पण घोळक्याने नाही. अशी बरेच दिवस उभी असलेली सायकल बाहेर काढताना आधी ती तपासा. मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन महिने उभ्या सायकलची चेन गंजतेच. फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. हे शेवटचं पुसणं बहुतेक जण टाळतात; मग त्यावर रेती चिकटते आणि चेनबरोबर ती ज्यावर फिरते त्या दातेरी चाकांचे दातेही झिजतात. रिमला तेल लागू देऊ नका, ब्रेक घसरतात. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या पीएसआयच्या (हवेच्या दाबाच्या) मर्यादेत भरा. कमी असली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिरडून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मास्क लावत असाल, तर तो घामाने भिजला की श्वास कोंडतो. दुसरा, कोरडा, खिशात असू द्या.